अण्णांची ट्रॉलीबस

"सूनबाई, ह्यातला ब्रेक कुठला गं?"

अण्णांनी हे इतक्या हळू विचारलं की मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. अण्णा म्हणजे माझे सासरे, भार्गव मयेकर. आमच्या शहरातल्या ट्रॉलीबसचे शेवटचे हयात ड्रायव्हर, असं त्या दिवसाच्या पेपरात फोटोसकट छापून आलं होतं. त्यांच्यासाठी वर्कशॉपवाल्यांनी शेडमध्ये गंजत पडलेली जुनी ट्रॉलीबस बाहेर काढली, तिला तांबडा रंग दिला, तिच्या छपरावरच्या दोन दांड्यांना वीज मिळावी म्हणून डेपोच्या गेटापासून मंडपापर्यंत वर दोन तारा ओढल्या. आणि हे साहेब इस्त्रीचा कोट घालून तिच्या सीटवर बसून मला विचारत होते, ब्रेक कुठला.

"अण्णा, पुरे झाली गंमत. खाली साळवी साहेब उभे आहेत."

"गंमत नाही."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही बूट त्यांनी जमिनीपासून वर उचलून धरले होते, पाण्यात भिजू नयेत म्हणून धरतात तसे.

"उजव्या पायाखाली ब्रेक," मी म्हटलं. "डाव्या पायाखाली करंट. आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या उलटं आहे. मघाशी वर्कशॉपच्या मेस्त्रींनी सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलवत होतात की."

"मान डोलवायला काय जातंय?" ते म्हणाले. मग स्टिअरिंगवरचे हात काढून त्यांनी मांडीवर ठेवले. "विशाखा, मी ही गाडी कधी चालवलेली नाही. कुठलीच नाही."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ते खरं बोलतायत हे मला पटलं.

ही गोष्ट आमच्याकडे पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या तेव्हाची. आता त्या गाड्या बघून कुत्रंसुद्धा मान वळवत नाही, पण तेव्हा केवढं अप्रूप! त्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून घेतलेली पहिली बाई मी. प्रोबेशनवर. माझ्यामागे आणखी बायकांचे अर्ज पडून होते, आणि वरच्या साहेबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, मयेकर बाईंचं काय होतंय ते बघू, मग पुढचं. म्हणजे मी कुठे घासली, ठोकली, तर मी तर जाणारच, वर त्या बिचाऱ्यांचीही वाट लागणार. आमचे सीनियर ड्रायव्हर भोईर तर वाटच बघत होते. रोज सकाळी मला म्हणायचे, "काय वहिनी, आज गाडी नेणार का पोळ्या लाटणार?" मी म्हणायचे, "दोन्ही करून आलेय, तुम्ही काय केलंत सकाळपासून?" तोंडाने मी कुणाला हार जायची नाही, पण मनातून धाकधूक असायचीच.

आणि हे ड्रायव्हरकीचं वेड मला लावलं कुणी? अण्णांनी! आमचे हे जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. मी नुसती घरात बसून आंबले होते. अण्णांनीच मला लायसन काढायला लावलं. "आपल्या घरात स्टिअरिंग आहे सूनबाई, मुलगा दर्यात गेला, आता तू धर." इंटरव्ह्यूत मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, माझे सासरे ट्रॉलीबस चालवायचे. तेवढ्यावर समोरचे सगळे खूश. त्यावरूनच साळवी साहेबांच्या डोक्यात ही कल्पना आली. साळवी म्हणजे आमचे डेपो मॅनेजर, उत्साही माणूस. उद्घाटनाच्या दिवशी सासरा जुनी गाडी घेऊन येणार, सून नवी. दोघं मंडपासमोर गाड्या शेजारी शेजारी उभ्या करणार. मग प्रमुख पाहुणे नारळ फोडणार.

"मग इतकी वर्षं तुम्ही..." मी बोलता बोलता थांबले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला काय विचारायचं?

"गोदीनाक्यावर असायचो," अण्णा म्हणाले. "तिथे तारांना तारा मिळायच्या, गाडी वळली की छपरावरच्या दांड्या निसटायच्या. मी बांबू घेऊन उभा असायचो. निसटली की लावायची. दिवसभर तेच. ट्रॉली बंद झाली, मग मला स्टोअरमध्ये टाकलं. लग्नाच्या वेळी मध्यस्थाने सांगितलं, मुलगा ट्रॉलीवर होता. हिच्या वडिलांना वाटलं, ड्रायव्हर. मी काही बोललो नाही. मग ते वाढतच गेलं."

"आणि डिझेलच्या बसला हात लावणार नाही म्हणून तुम्ही ड्रायव्हरकी सोडलीत, ते?"

"ते हिनेच एकदा कुणाला तरी सांगितलं. छान वाटलं ऐकायला."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. खाली मंडपात पहिल्या रांगेत सासूबाई येऊन बसल्या होत्या, मोतिया रंगाची साडी, केसात अबोली. सगळी आळी त्यांनी गोळा करून आणली होती. त्यांच्या हातवाऱ्यांवरून मला इथूनही कळत होतं, त्या काय सांगतायत ते.

"पोटात दुखतंय म्हणा," मी म्हटलं.

"हिने सगळ्यांना आणलंय. नाही कसं म्हणू? चालवतो कशीतरी. सरळच तर जायचंय."

"आत शाळेची मुलं बसवणार आहेत, अण्णा!"

शेवटी मीच उतरले आणि साळवी साहेबांना गाठलं. म्हटलं, अण्णांचे हात थरथरतात, वय झालं, त्यांना सोबत बसवते आणि जुनी गाडी मी चालवते. नवी भोईर आणतील. साहेबांना ती कल्पना तर स्वतःच्या कल्पनेपेक्षाही जास्त आवडली. "वा! वारसाच की हो हा! अनाउन्समेंट बदलतो."

मग कार्यक्रमाला वेळ होता तोवर आम्ही रिकाम्या गाडीची गेटापासून मंडपापर्यंत दोनदा तालीम केली. दांडी लावून मेस्त्रींनी स्विच टाकला आणि गाडीच्या अंगातून एक बारीक गुणगुण सुरू झाली. डावा पाय जरा दाबला की गाडी अशी पुढे सरायची की अंगावर काटा यायचा. माझी नवी गाडीही आवाज करत नाही, धक्का देत नाही, पण तिच्या पोटात बॅटऱ्यांचं धूड. वळताना ते धूड जाणवतं. शिवाय समोरच्या स्क्रीनवर टक्के बघत राहायचे, चार्ज पुरेल का, डेपोला पोचू का. ही म्हातारी तशी हलकीफुलकी. जिना चढल्यासारखं चढायचं, खिडक्या खडखडतात, एसी नाही की काही नाही, पण उचल काय जबरदस्त!

"तुझी गाडी घरून डबा घेऊन कामाला येते," अण्णा माझ्यामागे उभे राहून म्हणाले. "डबा संपला की आटपलं. आमची खाणावळीत जेवायची. भूक लागली की वर हात. मात्र खाणावळ सोडून कुठे जाता येत नाही तिला."

"म्हणजे जुन्या काळच्या सुनेसारखी."

"तसंच," ते हसले. मग पुढे वाकून गंभीरपणे म्हणाले, "हे एवढं लक्षात ठेव. तारेखालून हलायचं नाही. गोदीनाक्यावर मी हजार वेळा बघितलंय, ड्रायव्हर कडेला घ्यायला जातो आणि दांडी निसटते. आणि ह्या तारा तर नवशिक्यांनी बांधल्यात, सैल आहेत. कोण कुठे उभं आहे ते बघू नकोस. तारेखाली उभी कर, लोक चालत येतील."

"बरं, अण्णा."

तालमीत मी दोन्ही वेळा गाडी बरोबर तारेखाली उभी केली. पुन्हा पुन्हा सांगते, त्यांनी मला बरोबर शिकवलं होतं.

चार वाजता बँड सुरू झाला. पाहुणे आले, त्यांच्या चेहऱ्याचा भला मोठा फ्लेक्स मंडपाच्या तोंडाशी लावलेला. आत मुलं बसली, अण्णा मागच्या दारापाशी उभे राहिले. भोईर नवी गाडी घेऊन शेजारून निघाले, मला हात करून. मी डावा पाय दाबला. गाडी गुणगुणत निघाली आणि लोकांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला! माझा ऊर भरून आला हो. मंडप जवळ आला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. समोर लाल गालिचा, त्याच्या कडेला पाहुणे हार घेऊन. आणि आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतलेलं, गाडी थांब्याला चिकटवा, प्रवाशाला रस्त्यात उतरवू नका. माझ्या नव्या गाडीचं दार फुटपाथला लागून उघडतं, त्याचा मला केवढा अभिमान. हातांनी आपोआप स्टिअरिंग डावीकडे घेतलं. गालिच्याला चिकटवायला.

वर फाट्‌ असा आवाज झाला. गुणगुण बंद. मी ब्रेकवर उभी राहिले, गाडी जागच्या जागी थांबली, पण छपरावरच्या दोन्ही दांड्या सुटून सैरावैरा फिरल्या. एकीने तोरण ओढलं, दुसरी पाहुण्यांच्या फ्लेक्समधून आरपार गेली. बरोबर नाकातून.

आणि मग हशा. बँडवालेसुद्धा हसत होते. मागून ड्रायव्हरांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "बाईच्या हातात दिली, आता ढकला!" मुलांना काही झालं नव्हतं, ती तर खिदळत होती. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कान तापले, मान वर होईना.

मेस्त्री बांबू घेऊन धावले, पण त्यांना एकही दांडी धरता येईना. तेवढ्यात अण्णा मागच्या दाराने उतरले. त्यांनी मेस्त्रींच्या हातून बांबू घेतला, कोट तसाच अंगात, आणि वर बघत एक दांडी आकड्यात पकडून तारेवर बसवली. मग दुसरी. फळीवरचा डबा काढावा इतक्या सहज. माझ्या पायाखाली गाडी परत गुणगुणायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तिथे संपलं असतं. पण पाहुण्यांचं लक्ष नाकातल्या भोकाकडे. त्यांनी साळवी साहेबांना विचारलं, आणि समोरच माइक चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "कोण चालवतंय ही?"

"मयेकर बाई. नव्या गाड्यांवर घेतलेल्या आपल्या पहिल्या..."

"ह्याच? ह्यांच्या हातात नव्या कोऱ्या गाड्या देणार तुम्ही?"

साहेबांचा चेहरा उतरला. "बाई, खाली या," ते म्हणाले. मी उतरले. माझी नोकरी गेली, त्या अर्ज केलेल्या बायकांचीही गेली, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. समोर भोईर हाताची घडी घालून उभे. ते हसत नव्हते, तेच जास्त लागलं.

अण्णा बांबूसकट पुढे आले आणि त्यांनी स्टँडवरचा माइक स्वतःकडे वळवला.

"साहेब, तिला बोलू नका. गाडी कडेला घे, असं मीच तिला शिकवलं होतं."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"आणि मला काय कळतंय शिकवायचं?" अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा, बाजारात भाव सांगावा तसा. "मी ड्रायव्हर नव्हतोच. पेपरात आलंय ते खोटं आहे, ते मी सांगितलेलं आहे. मी गोदीनाक्यावर हा असा बांबू घेऊन उभा असायचो. दांडी लावायचं माझं काम. गाडीत कधी बसलोही नाही. जन्मभर लोकांना खोटं सांगत आलो, सुनेलासुद्धा. ती बिचारी विश्वासाने शिकली. तेव्हा चूक तिची नाही."

आता कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या आळीतल्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या.

"खोटं आहे!" मी ओरडले. माइकवर नाही, तशीच. "त्यांनी मला तारेखालून हलू नकोस असंच सांगितलं होतं! दहादा सांगितलं! मीच विसरले, चूक माझी आहे!"

"गप, सूनबाई," अण्णा म्हणाले.

"का म्हणून गप? साहेब, मी शपथेवर सांगते..."

आणि पाहुणे हसले हो! त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "बघा मंडळी. सासऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतेय. ह्याला म्हणतात संस्कार! अशा मुली आपल्याला हव्यात!"

टाळ्या. पुन्हा टाळ्या. साळवी साहेब रुमालाने डोळे पुसत होते. मी "नाही, नाही" म्हणत होते, तर लोकांना वाटलं, विनय. मी जितकं खरं बोलत होते तितके लोक जास्त टाळ्या वाजवत होते. अण्णांसाठी आणलेला हार पाहुण्यांनी माझ्या गळ्यात घातला. भोईर पुढे आले, त्यांच्या डोळ्यात पाणी. "वहिनी, मानलं तुम्हाला. घरचं माणूस झाकायला पण जिगर लागते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपलं आणि त्या सगळ्या बायकाही कामावर आल्या. त्यांना मी खरं काय ते सांगितलं. भोईरांना सांगितलं, साळवी साहेबांना तर दोनदा. प्रत्येकाने हेच उत्तर दिलं, "असू दे हो ताई, म्हातारा माणूस आहे, आम्ही काही मनात धरलेलं नाही." कोण काय मनात धरतंय ह्याच्याशी मला काय करायचं होतं?

ते जाऊ दे. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा गळ्यातला हार पिशवीत कोंबला होता. अण्णा बाहेर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, कोट घालूनच. सासूबाई स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होत्या. मोतिया साडी बदललेली, केसातली अबोली काढून टाकलेली. आळीतलं कुणी आलेलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मला माफ करा."

"तू काय केलंस? दांडी तर निसटतेच म्हणे."

"अण्णांनी मला बरोबर शिकवलं होतं. माझी चूक त्यांनी..."

"कळलं मला ते. मी काय त्या पाहुण्यासारखी आहे? तुझा चेहरा दिसत होता मला."

सबंध मंडपात माझं खरं बोलणं पटलेलं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे सासूबाई. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"आई, तुम्हाला आधी माहीत होतं का, की अण्णा ड्रायव्हर नव्हते?"

"नाही." त्यांनी नारळाची वाटी फिरवली. "कसं माहीत असणार? मी आले तेव्हा ट्रॉली बंद झालेली. ते मला सांगायचे, मी लोकांना सांगायचे. माझ्या बहिणींना, विहिणींना, कुणाकुणाला. नवऱ्याबद्दल मला दुसरं सांगण्यासारखं काय होतं? स्टोअरमधला कारकून." खवणं थांबलं. "त्यांनी केलं ते बरंच केलं. तुझी नोकरी राहिली. मी त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं. पण विशाखा, ते नुसतं त्यांचं नव्हतं गं. माझंही होतं. देऊन टाकायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचं तरी. समोरच तर बसले होते मी."

त्यांनी पदराने नाक पुसलं आणि परत खवायला लागल्या.

"जा, जेवायला बोलाव त्यांना," त्या म्हणाल्या. "मी नाही बोलावणार."

मी गॅलरीत गेले. अण्णांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "रागावलीय?"

"हो."

"खोटं बोललो म्हणून?"

"नाही. म्हणतात, समोर बसले होते, एकदा माझ्याकडे बघायचं तरी."

अण्णा बराच वेळ कोटाची बटणं सोडवत बसले. एक सुटेना, ते मी वाकून सोडवलं.

"तिच्याकडे बघितलं असतं," ते म्हणाले, "तर माझ्याच्याने बोलवलंच नसतं गं."